पोवाड्यातली घोरपड

सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या रनाळ्यात एखाद्या शाळकरी मुलाला सिंहगडाची गोष्ट विचारा. तानाजीच्या आधी घोरपड येईल. कमरेला दोर, कड्याला घट्ट चिकटलेली यशवंती. हे चित्र कुठल्या चित्रकाराचं नाही. ते शाहीर तुलसीदासाचं आहे, आणि रंग-कुंचल्याने नाही, डफावर काढलेलं आहे.

१६९७च्या सभासद बखरीत घोरपड नाही. तिथे मावळेच वानरासारखे कडा चढतात. गडाचं सिंहगड हे नावही १६७०च्या लढाईआधीच्या कागदांत सापडतं. तरी लोकांनी शाहिराचं ऐकलं, आणि मला त्यात लोकांची चूक वाटत नाही. अंधारात कडा किती उभा होता, हे कागद सांगत नाही, घोरपड सांगते.

‘पवाडा’ हा शब्द ज्ञानेश्वरीतही आहे, पण तिथे तो गाण्याचा प्रकार नाही. पराक्रम, थोरवी असा त्याचा अर्थ. पराक्रमाचं नाव पुढे पराक्रमाच्या गाण्याला चिकटलं. आज हाती असलेल्या जुन्या पोवाड्यांत अज्ञानदासाचा अफजलखानवध अग्रणी. घटना १६५९ची. तो जिजाबाईंनी रचवून घेतला आणि शाहिराला घोडा व सोन्याचा तोडा मिळाला, असं सांगतात. युद्ध जिंकल्यावर ते गाऊन घ्यायचं, हे त्या माउलीला कळत होतं.

त्याआधी गावोगावी वीरगळ होतेच. खाली झुंज, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंग, माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर अख्खं आरमारी युद्ध कोरलंय. पण दगड एका जागी उभा राहतो. पोवाडा शाहिराच्या पायांनी फिरतो. शाहीर एका दमात लांबलचक ओळ टाकतो, झीलकरी ‘जी जी जी’ म्हणत ती उचलतात, आणि तेवढ्या उसंतीत ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तटबंदी उभी राहते. झील नुसता ताल धरत नाही, ती चित्राला वेळ देते.

खर्ड्याची १७९५ची लढाई अनंत फंदीने गायली. नंतर राज्य गेलं, आश्रयदाते गेले. विरत चाललेले हे पोवाडे शंकर तुकाराम शाळिग्राम आणि ॲक्वर्थ यांनी गोळा करून १८९१मध्ये छापले. हा ॲक्वर्थ म्हणजे वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला ज्याचं नाव आहे, तोच मुंबईचा पालिका आयुक्त. त्याचे उपकार मोठे आहेत. पण छापताना डफ कागदाबाहेरच राहिला.

तो पुन्हा वाजला गिरणगावात. दुसऱ्या महायुद्धात अण्णा भाऊ साठ्यांनी स्तालिनग्राडचा पोवाडा रचला. व्होल्गा ना त्यांनी पाहिली होती, ना समोरच्या कामगारांनी. पाळी सुटलेली माणसं चाळीच्या पटांगणात बसून ते जळतं शहर पाहत होती.