शस्त्र आणि परवाना : १८७८ च्या कायद्यापासून आजपर्यंत

१८७८ सालच्या मार्च महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या सरकारने दोन कायदे संमत केले. पहिल्याने देशी भाषांतील वृत्तपत्रांवर बंधने घातली, दुसऱ्याने हिंदी प्रजेच्या घरातील शस्त्रांवर. वृत्तपत्रांचा कायदा इंग्रजीत निघणाऱ्या पत्रांना लागू नव्हता आणि शस्त्रांच्या कायद्याच्या परवान्यातून युरोपियनांना सूट होती. विषय भिन्न असले तरी दोन्ही कायद्यांच्या मुळाशी एकच अविश्वास होता. लॉर्ड रिपन यांनी १८८२ साली पहिला कायदा रद्द केला. दुसरा मात्र १९६२ पर्यंत, म्हणजे तब्बल ८४ वर्षे, अमलात राहिला. शब्दावरचे ते बंधन चार वर्षांत उठले, शस्त्रावरचे उठण्यास स्वातंत्र्य यावे लागले. आणि स्वातंत्र्यानंतरही शस्त्र हा नागरिकाचा हक्क न ठरता सरकारी अनुज्ञेचाच विषय राहिला. असे का झाले, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मराठी मुलखात तलवार, भाला, ढाल ही वतनदाराच्या आणि शिपाईबाण्याच्या घरातील नित्याची वस्तू होती. खंडेनवमीस तिची पूजा होई. शस्त्र बाळगण्यास कोणाची लेखी अनुमती लागत नसे. १८५७ च्या उठावाने हे चित्र पालटले. त्याच वर्षी शस्त्रांची आयात, निर्मिती व विक्री यांवर नियंत्रण घालणारा कायदा झाला. उठाव शमल्यावर अयोध्या प्रांतात शस्त्रे गोळा करण्याची मोठी मोहीम झाली आणि १८६० साली आणखी एक कायदा आला. १८७८ च्या कायद्याने ही तात्पुरती व्यवस्था कायमची केली.

या कायद्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. परवान्यावाचून शस्त्र घेऊन फिरण्यास त्याने बंदी केली. बंदुकीसारखे अग्निशस्त्र नुसते घरात ठेवण्यासही परवाना लागू लागला. काही ठरावीक प्रदेशांत तर तलवारीसारख्या शस्त्रासही तो आवश्यक करण्यात आला. एकाच कायद्याखाली एका जिल्ह्यातील तलवार निर्दोष आणि दुसऱ्या जिल्ह्यातील तलवार गुन्हा ठरू शकत असे. शिक्षेतही भेद होता. साध्या उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कैद होती, परंतु तेच कृत्य सरकारी अंमलदाराला कळू नये अशा रीतीने केले असल्यास सात वर्षांपर्यंत. शस्त्र बाळगण्यापेक्षा ते लपवून बाळगण्याची सरकारला अधिक धास्ती होती. ही धास्ती अगदीच निराधार नव्हती, हे वर्षभरातच दिसून आले. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांनी पुणे प्रांतात सशस्त्र बंड पुकारले. त्याच जुलै महिन्यात ते देवर नावदगी येथे पकडले गेले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

येथे संस्थानांचा विचार करणे अगत्याचे आहे. १८७८ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे तो आपोआप लागू होत नसे. परंतु संस्थानिकांचे हात तहांनी आधीच बांधलेले होते. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांच्या फौजेवर बंधन आले. १८४४ च्या तहाने शिंद्यांची फौज सुमारे ९ हजारांवर आणण्यात आली. शिवाय संस्थानाच्या हद्दीतून ब्रिटिश मुलखात शस्त्र नेणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने परदेशातून आयात करणेच होते. इंदूर शहर होळकरांचे, परंतु तेथील रेसिडेन्सीचा परिसर आणि जवळची महूची छावणी इंग्रजी अमलाखाली, तर पुढे खांडवा मध्य प्रांतात. बडोद्याचा मुलूख तर ब्रिटिश जिल्ह्यांच्या मध्ये तुकड्या-तुकड्यांनी पसरलेला होता. घरातली वडिलोपार्जित तलवार घेऊन लग्नकार्यास निघालेल्या मनुष्याला एकाच दिवसाच्या प्रवासात दोन-तीन निराळ्या अमलांतून जावे लागे.

या कायद्याविरुद्धचा रोष राष्ट्रीय सभेत लवकरच उमटला. १८८७ साली बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली मद्रासला भरलेल्या तिसऱ्या अधिवेशनात कायद्यात बदल करण्याची मागणी करणारा ठराव झाला. नेमस्तांचा युक्तिवाद असा की, राजनिष्ठ प्रजेस निःशस्त्र ठेवणे हा तिचा अपमान आहे. अर्ज-विनंत्यांनी काही साधत नाही असे वाटणाऱ्या तरुणांनी मात्र दुसरा मार्ग धरला. १९०९ साली विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईस धाडली. त्यांपैकी एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनी वध केला. ज्या छुप्या शस्त्राला कायदा सर्वांत अधिक भीत होता, तेच त्याच्या कडेकोट बंदोबस्तातून आत आले होते.

अहिंसेचे पुरस्कर्ते महात्मा गांधी यांनीही या कायद्याला कठोर शब्दांत दोष दिला, याचे अनेकांस आश्चर्य वाटते. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात, सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या काळ्या कृत्यांत सर्वांत काळा ठरेल, अशा आशयाचे मत त्यांनी मांडले. महायुद्धानंतर १९२० च्या नियमांनी वंशभेदावर आधारलेल्या सवलती बऱ्याच अंशी काढून टाकल्या. परंतु मूळ कायदा तसाच राहिला. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क स्पष्टपणे नमूद झाला.

हा ठराव करणाऱ्यांच्याच हाती सोळा वर्षांनी सत्ता आली, तेव्हा खरा कसोटीचा प्रसंग उद्‌भवला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत मूलभूत हक्कांची चर्चा चालू असता, मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती सुचविली आणि कराचीच्या ठरावाची आठवण करून दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. तो ठराव झाला त्या वेळची परिस्थिती आता उरली नाही, परक्या सत्तेने प्रजेला शस्त्र नाकारले ते शांततेसाठी नव्हे तर स्वतःच्या बचावासाठी, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतंत्र देशात शस्त्राच्या हक्कापेक्षा देशरक्षणासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर भर हवा, शिवाय असा हक्क दिल्यास गुन्हेगारही त्याचा आधार घेतील, हा त्यांचा मुद्दा सभेने मानला. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेने एकत्र जमण्याचा हक्क दिला, तोही शांततेने आणि विनाशस्त्र. अपवाद म्हणून पंचविसाव्या अनुच्छेदात शिखांच्या कृपाणास मान्यता मिळाली. नेमस्तांनी अपमान म्हणून ज्या बंधनाचा धिक्कार केला, त्याच बंधनाला साठ वर्षांनी त्यांच्या वारसांनी सुव्यवस्थेचा आधार मानले. यात विसंगती आहे, पण ती निव्वळ सत्तेच्या मोहाची नव्हे. फाळणीच्या रक्तपाताला तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते.

यानंतर संस्थानांतील निराळेपण संपले. मे १९४८ मध्ये ग्वाल्हेर-इंदूरचा मध्य भारत संघ झाला, त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद मुक्त झाले आणि १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५९ चा नवा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. सर्व देशास कायदा एक झाला, तरी त्याचा अंमल एकसारखा नाही. ठरावीक प्रदेशांत अग्निशस्त्राखेरीज इतर शस्त्रांनाही परवाना लागू करण्याची जुनी तरतूद नव्या कायद्यातही आहे. उलट कूर्गमध्ये कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना ब्रिटिश अमदानीपासून मिळालेली सूट आजही चालू आहे. कैलपोळ्दच्या सणाला तेथे घरातील बंदुकीची पूजा होते. २०१९ साली ही सूट २०२९ पर्यंत वाढविण्यात आली आणि २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने तिच्याविरुद्धचा अर्ज फेटाळला.

राज्याराज्यांतील अंतर आकड्यांवरून कळते. २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यांपैकी सुमारे १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात होते. मध्य प्रदेशात सुमारे २ लाख ४७ हजार, तर त्याहून कितीतरी अधिक लोकसंख्येच्या महाराष्ट्रात अवघे ८४ हजार. कायदा तोच, परंतु चंबळच्या खोऱ्यात बंदूक ही घराण्याच्या प्रतिष्ठेची खूण मानली जाते. १९६० साली विनोबांपुढे आणि १४ एप्रिल १९७२ रोजी जौरा येथे जयप्रकाशांच्या प्रयत्नाने, गांधीजींच्या तसबिरीपुढे बागींनी शस्त्रे ठेवली, ते याच भूमीत. शिंद्यांची उन्हाळी राजधानी असलेल्या शिवपुरी जिल्ह्यात २००८ साली, नसबंदी करून घेणाऱ्यास बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना निघाली होती. परवान्याचे मोल तेथे किती, हे सांगण्यास याहून वेगळा दाखला नको.

२०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवण्याची मुभा राहिली आणि लग्न-मिरवणुकीतील गोळीबार शिक्षेस पात्र ठरला. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. एके काळी सरकार प्रजेला भीत होते. आज नागरिकाला नागरिकाचे भय वाटू नये, हा नियमांचा हेतू आहे. दोहोंतील हा फरक मोठा आहे. तथापि, परवाना द्यावा की नाकारावा हे अखेर अंमलदार ठरवतो, आणि कोणावर विश्वास ठेवावा हा १८७८ चा प्रश्न त्याच्या टेबलावर आजही येतो. त्याचे उत्तर वंश पाहून नव्हे, तर कारण लेखी नोंदवून द्यावे लागते, एवढे मात्र स्वराज्याने साधले आहे. लेखणीवरचे बंधन उठल्याचा लाभ मराठी वाचकांनी आणि त्यांच्या ग्रंथालयांनी घेतला. शस्त्रावरचे बंधन विचारपूर्वक कायम ठेवले गेले. एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन कायद्यांची ही परस्परविरुद्ध परिणती, प्रजासत्ताकाने काय मोकळे ठेवले आणि काय आवरले, याची साक्ष देते.