बिभीषण कुणाच्या बाजूचा?

दूताला मारू नये, हे आपल्याकडचे मूल शाळेत जायच्या आधीच शिकते. हनुमंताला ठार करा म्हणून रावण गरजला, तेव्हा बिभीषणाने त्याला आवरले. जगाने राजदूतांना संरक्षण देण्याचा नियम १९६१ च्या व्हिएन्ना कराराने कागदावर आणला. पण कागद वाचून कोण बंदूक खाली ठेवतो?

ज्युलिओ रिबेरो आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. मूळ गोव्याचे, जन्म मुंबईचा, मुंबईचे पोलीस आयुक्त. १९८६ मध्ये ते पंजाबचे पोलीस महासंचालक झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला जालंधरमध्ये पोलिसांच्याच गणवेशात आलेल्या हल्लेखोरांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते बचावले; पत्नीही जखमी झाल्या. पुढे सरकारने त्यांना राजदूत म्हणून रुमानियाला पाठवले. पंजाब हजारो मैल मागे राहिला, पण वैर मागे राहिले नाही. ऑगस्ट १९९१ मध्ये खलिस्तानवाद्यांनी त्यांना बुखारेस्टमध्ये गाठले. रिबेरो जखमी झाले, पण वाचले. कट फसला.

आपण म्हणतो, सुटलो! पण फसलेला कट तिथेच संपत नाही. रुमानियात संशयितांना अटक झाली आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये इकडे दिल्लीत रुमानियाचे प्रभारी राजदूत लिव्हियू राडू यांचे अपहरण झाले. त्या अटकेचा हा सूड, असेच मानले गेले. रिबेरोंवरचा राग निदान त्यांच्या पंजाबातल्या कामाचा होता. राडूंनी कुणाचे काय बिघडवले होते?

रवींद्र म्हात्रे यांनीही कुणाचे काही बिघडवले नव्हते. बर्मिंगहॅमच्या भारतीय कचेरीतले हे मराठी अधिकारी. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्यांना पळवून मकबूल भट याच्या सुटकेची मागणी झाली, आणि दोन-तीन दिवसांतच त्यांचा मृतदेह सापडला. ११ फेब्रुवारीला भटला तिहारमध्ये फाशी झाली. पुण्यात मुठेवरच्या पुलाला म्हात्र्यांचे नाव आहे. आमच्या पिंपळनेरची कितीतरी मुले पुण्यात शिकतात, नोकरी करतात, त्या पुलावरून येजा करतात. सुट्टीत आली की मी विचारतो, म्हात्रे कोण रे? बहुतेकांना वाटते, कुणी नगरसेवक असतील.

राडू मात्र सुखरूप सुटले. शीख समाजातल्या राजकीय नेत्यांनीच त्या अपहरणावर टीका केली, त्यानंतर त्यांना सोडण्यात आले. मला या सगळ्या इतिहासात हेच मोलाचे वाटते. समोरच्या बाजूने कितीही निषेध केला, तरी तो शत्रूचा निषेध. त्याने पीळ आणखी वाढतो. आपल्यातल्याच कुणीतरी उठून 'हे बरोबर नाही' म्हणावे लागते. म्हात्र्यांच्या वेळी तसे म्हणायला कुणाला वेळही मिळाला नाही.

बिभीषण रामाच्या छावणीतून बोलायला आला नव्हता. तो तेव्हा रावणाच्या दरबारातच उभा होता. मुलांना ही गोष्ट सांगताना आपण जळत्या शेपटीवर फार वेळ घालवतो. थोडा वेळ या माणसावरही घालवावा.