पुसलेली राणी

रावेन्ना आणि अहमदनगर हीं दोन नांवें एका दमांत उच्चारण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं. एक इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरील दलदलींत वसलेलें. दुसरें दख्खनच्या कोरड्या पठारावर, सीना नदीच्या कांठीं. एकाची कीर्ति ख्रिस्ती मंदिरांच्या भिंतींवरील कांचखड्यांच्या चित्रांसाठीं, दुसऱ्याची भुईकोट किल्ल्यासाठीं. परंतु मोडत्या साम्राज्याच्या पडझडींतून दोन्ही नगरांना राजधानीचा मान मिळाला. आणि दोन्ही दरबारांनीं काढविलेल्या चित्रांत कांहीं जागा आज विलक्षण रितेपणानें पाहणाऱ्याकडे पाहतात.

इ. स. ४०२ मध्यें पश्चिम रोमचा बादशहा होनोरिअस यानें आपली राजधानी मिलानहून रावेन्नास नेली. उत्तरेकडून गॉथ टोळ्या उतरत होत्या, आणि दलदल हाच उत्तम तट होता. तटानें काम केलें, साम्राज्यानें केलें नाहीं. ४७६ मध्यें पश्चिमेचा शेवटचा बादशहा पदच्युत झाला आणि ४९३ मध्यें गॉथांचाच राजा थिओडोरिक रावेन्नाचा धनी झाला. तो ख्रिस्ती होता, पण एरियन पंथाचा, म्हणजे येशूला परमपित्याच्या बरोबरीचा न मानणारा. रोमन प्रजेच्या लेखीं हें पाखंडच. तरीहि ३३ वर्षें त्यानें दोन्ही पंथांना एका नगरांत नांदविलें आणि राजवाड्यालगत एक देखणें प्रार्थनामंदिर उभारलें. त्याला आज सांत अपोलिनारे नुओव्हो म्हणतात.

ह्या चित्रांची रीति सांगण्याजोगी आहे. कुंचल्याचें तेथें कामच नाहीं. रंगीत कांचेचे व दगडाचे इवले इवले तुकडे ओल्या चुन्यांत एकेक करून बसवावयाचे. सोनेरी तुकड्यांत दोन कांचांच्या मध्यें सोन्याचा वर्ख. तुकडे किंचित् कलते राहत असल्यामुळें समईच्या हलत्या ज्योतीबरोबर सारी भिंत लुकलुकूं लागते. असें चित्र रंगासारखें विटत नाहीं, आणि पुसतांहि येत नाहीं. तें उपटावेंच लागतें.

आणि तें उपटलें गेलें. ५४० मध्यें कॉन्स्टँटिनोपलच्या जस्टिनियन बादशहाचा सेनापति बेलिसारियस यानें रावेन्ना घेतलें. पुढें सुमारें वीस वर्षांनीं आर्चबिशप अग्नेल्लस याच्या अमदानींत एरियनांचें हें मंदिर सनातन पंथाकडे आलें. भिंतीवर थिओडोरिकचा राजवाडा चितारला होता आणि त्याच्या कमानींखालीं दरबारची माणसें उभीं होतीं. कारागिरांनीं माणसें काढलीं आणि त्या जागीं शुभ्र पडदे बसविले. मात्र मधल्या खांबांवर आलेले हात त्यांनीं तसेच राहूं दिले. आजहि त्या खांबांवर मनगटें आणि बोटें दिसतात, ज्यांचे धनी पडद्याआड गेले त्यांचीं. खांब नव्यानें जुळविण्याचा कंटाळा कोणा कारागिरानें केला असेल तर इतिहासानें त्याचे उपकारच मानावेत.

नगरची कथा हजार वर्षांनंतरची. बहामनी राज्य मोडकळीस आलें असतां मलिक अहमद यानें १४९० मध्यें भिंगारजवळ बहामनी फौज उधळली आणि १४९४ मध्यें तेथेंच आपल्या नांवाचें शहर वसविलें. (२०२४ मध्यें त्या शहराचें नांव अहिल्यानगर झालें.) हें घराणें मूळ पाथरीच्या ब्राह्मण कुळांतलें, असें फिरिश्ता लिहितो. पंथभेद येथेंहि होता. १५३७ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहानें शाह ताहीरच्या उपदेशानें शिया पंथ स्वीकारला, तेव्हां शहरांत मोठी खळबळ उडाली. त्याचा मुलगा हुसेन यानें मातीचा किल्ला दगडी केला आणि जानेवारी १५६५ मध्यें तालिकोटच्या रणांत विजयनगरच्या रामरायाचा शिरच्छेद करविला. त्याच वर्षीं तो वारला.

ह्या हुसेनशहाच्या स्तुतीचें ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हें आफताबी कवीचें फारसी काव्य पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत आहे. त्याच्या सचित्र प्रतींतील बारा चित्रें उरलीं आहेत. त्यांत लढाई आहे, रामरायाचें मस्तक आहे. पण दख्खनी दरबारांत अपूर्व म्हणावी अशी गोष्ट निराळीच आहे. सिंहासनावर राजाशेजारीं त्याची राणी खुंजा हुमायून बसलेली दाखविली होती. कवीनेंहि तिच्या रूपाचें आणि विवाहाचें वर्णन हात न आंखडतां केलें आहे. त्याचें कारण उघड आहे. हुसेननंतर मुर्तझा हा मुलगा लहान असल्यामुळें राज्य तिच्या हातीं होतें.

तें चार वर्षें टिकलें. तिनें आपल्या भावांना मोठेपणा दिला, सरदार बिथरले आणि १५६९ मध्यें मुर्तझानेंच आईला कैद केलें. त्यानंतर, अभ्यासकांच्या मतें, बहुतेक चित्रांतून राणीच्या आकृतीवर रंग फासला गेला. राजा आहे तेथेंच आहे. त्याच्या बाजूला एक धुरकट डाग, आणि त्या डागाला स्त्रीचा आकार. रावेन्नांतील हातांसारखाच तो कांहीं केल्या जात नाहीं. थिओडोरिकची मुलगी आमालासुंथा हिनेंहि अज्ञान मुलाच्या नांवानें राज्य चालविलें होतें आणि ५३५ मध्यें तिचा खून झाला. अशा स्त्रियांवर दरबारांची कृपा फार दिवस राहत नसे.

खुंजा हुमायूनची मुलगी चांदबिबी. १५९५-९६ मध्यें तिनें मोगलांपासून किल्ला राखला, भगदाड रातोरात बुजविलें, हें शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक असतें. शहराबाहेर शहा डोंगरावर अष्टकोनी, तीन मजली इमारत उभी आहे. ती मुर्तझाचा प्रधान सलाबतखान याची कबर. लोक मात्र तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. मुलीच्या नांवावर दुसऱ्याची कबरहि चढली आणि आईचें नांव नगरांत क्वचितच कोणी घेतें.

बारांपैकीं एका चित्राला मात्र कोणी हात लावला नाहीं. त्यांत एक सुंदरी झाडाला स्पर्श करते आणि झाड फुलून येतें. ‘मालविकाग्निमित्रां’त अशोकाचा दोहद वाचलेल्या वाचकाला हा संकेत परका वाटणार नाहीं, फारसी काव्याच्या प्रतींत तो दख्खनच्या चिताऱ्यानें आणला. रंग फासणाऱ्याला त्या झाडाखालीं राणी दिसली नसावी.