सांकेतिक लिपी आणि हौशी शोधक

31 जुलै 1969 रोजी उत्तर कॅलिफोर्नियातल्या तीन वृत्तपत्रांना एकाच माणसाने पत्रं धाडली. त्या भागातले खून मीच केले, असा दावा; सोबत 408 चिन्हांच्या सांकेतिक मजकुराचा एकेक तुकडा. हा माणूस पुढे स्वतःला ‘झोडियाक’ म्हणवू लागला.

मजकूर छापून आला आणि सलिनास गावचे शिक्षक डोनाल्ड हार्डन कागद-पेन्सिल घेऊन बसले. पत्नी बेट्टी यांचा तर्क भन्नाट होता. हा गृहस्थ आत्मप्रौढीचा, म्हणजे सुरुवात ‘मी’नेच करणार, आणि ‘किल’ हा शब्द तर येणारच, तेव्हा जोडीने येणारा ‘एल’ शोधा. आठवडाभरात कोडं सुटलं. नाव मात्र त्यात नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये त्याच्याकडून आलेल्या 340 चिन्हांच्या नव्या मजकुराने पुढची 51 वर्षं सगळ्यांना दमवलं. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेतला एक प्रोग्रामर, ऑस्ट्रेलियातला एक गणितज्ञ आणि बेल्जियममधला एक हौशी संगणकतज्ज्ञ यांनी मिळून तो वाचला. चिन्हं सरळ ओळीत नव्हे, तिरकी वाचायची होती. त्यासाठी वाचनाच्या साडेसहा लाख पद्धती संगणकावर तपासाव्या लागल्या. एफबीआयने उकल मान्य केली. खुनी कोण, हे याही वेळी कळलं नाही.

हौशी शोधकांची दुसरी वाट निसरडी. ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’चे व्यंगचित्रकार रॉबर्ट ग्रेस्मिथ यांनी वर्षानुवर्षं टिपणं जमवून 1986 मध्ये पुस्तक काढलं, त्यावर 2007 मध्ये सिनेमाही आला. पण त्यांनी ज्याच्याकडे बोट दाखवलं, त्याच्यावर या खुनांचा खटला कधीच चालला नाही. चिन्हांचं उत्तर ताडून पाहता येतं. संशयाचं तसं नसतं.