पिशवी काढली, मग हाडं का दुखतात?

आपल्या चौसाळा भागातून दसरा-दिवाळीला कोयता घेऊन निघणाऱ्या बायांसाठी हे लिहितोय.

'हार्मोन' हा शब्द १९०५ साली लंडनच्या स्टारलिंग यांनी रुळवला. १९२९ मध्ये अमेरिकेत डॉइझी आणि जर्मनीत बुटेनांट यांनी गरोदर बायांच्या लघवीतून इस्ट्रोजेनचा एक प्रकार वेगळा काढला. हे इस्ट्रोजेन मुख्यतः अंडाशयात तयार होतं, रक्तातून हाडांपर्यंत जातं आणि त्यांची झीज रोखतं.

त्यानंतर ९० वर्षांनी, २०१९ ला, आपल्या बीडमध्ये ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली! नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही बसली. कारण काय तर पाळीत, दुखण्यात खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, उचल फिटणार कशी? त्यात कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टरही भेटले.

पिशवीसोबत अंडाशयंही काढली, तर तिशीतली बाई एकदम पाळी गेलेल्या वयात जाते. अंगाची आग, झोप नाही, हाडं ठिसूळ. आणि वर मोळी डोक्यावर. अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकू शकतात.

घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर कागद काढा. अंडाशयं ठेवलीत का काढलीत, सरकारी दवाखान्यात विचारून घ्या. गाड्या निघायच्या आत.