कानडीतला ‘तुरुक’

सोलापूर, अक्कलकोट, जत या सीमेलगतच्या भागांत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या कानांवर ‘तुरुक’ हा कानडी शब्द कधी ना कधी पडलेला असतो आणि बहुधा भांडणातच. आजच्या कानडीत मुसलमानाविषयी तो हेटाळणीनेच वापरतात. सभ्य माणूस ‘मुस्लिमरु’ म्हणेल, खेड्यातला ‘साबरु’ म्हणेल, म्हणजे साहेब लोक. शिवी म्हणून ऐकलेल्या शब्दाचा इतिहास शोधायला सहसा कोणी जात नाही. आम्हांला मात्र तो शोधावासा वाटला.

‘तुरुक’ हे संस्कृत ‘तुरुष्क’चे कानडी रूप. तुरुष्क म्हणजे तुर्क, मध्य आशियातले लोक. धर्माचा त्याच्याशी मुळात संबंध नव्हता. 12व्या शतकात काश्मीरच्या कल्हणाने ‘राजतरंगिणी’त कनिष्क आणि त्याच्या जोडीच्या राजांना तुरुष्क कुळातले म्हटले आहे, आणि त्यांनी मठ-चैत्य बांधल्याचे सांगितले आहे. हे राजे इस्लामच्या कितीतरी आधीचे!

याउलट, जे खरोखर मुसलमान होते त्यांना तेव्हा तुरुष्क म्हणत नव्हते. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी येथे सापडलेल्या इ. स. 926च्या ताम्रपटात राष्ट्रकूटांचा एक अधिकारी भेटतो. नाव मधुमती, म्हणजे आपला मुहम्मद. संजाणचा कारभार त्याच्याकडे होता आणि त्याला ‘ताजिक’ म्हटले आहे. ताजिक म्हणजे अरब. कर्नाटकातून राज्य करणाऱ्या या राजांच्या दफ्तरात माणसाची ओळख त्याच्या मुलखावरून होत होती.

कानडीत याच ध्वनीचे आणखी शब्द आहेत. ‘तुरु’ म्हणजे गाय, गुरे. ‘तुरुगोळ’ म्हणजे गुरे पळवून नेणे. ती सोडवताना मेलेल्यांचे वीरगळ कर्नाटकात जागोजागी उभे आहेत. ‘तुरुगाहि’ म्हणजे गुराखी. बसवेश्वरांच्या काळच्या शरणांत तुरुगाहि रामण्णा नावाचे वचनकार आहेत. ‘तुरुकु’ हे क्रियापद तर वेगळेच, त्याचा अर्थ कोंबणे. ही सारी अस्सल द्रविड घरातली मंडळी, तुरुष्काशी त्यांचे नाते नाही. तेव्हा कोणी ‘तुरु’वरून ‘तुरुक’ची भलतीच व्युत्पत्ती सांगू लागला, तर ती बाजूला ठेवावी.

14व्या शतकात उत्तरेच्या फौजा दक्षिणेत उतरल्या आणि कानडी शिलालेखांत ‘तुरुक’ म्हणजे शत्रूचा घोडेस्वार झाला. पण तेवढेच झाले असते तर गोष्ट सोपी होती. त्याच शतकाच्या मध्यापासून विजयनगरचे राजे स्वतःला ‘हिंदुरायसुरत्राण’ म्हणवू लागले. सुरत्राण म्हणजे सुलतान! संस्कृत वाचणाऱ्याला त्यात देवांचा रक्षकही दिसावा, अशी ही शब्दाची करामत. पुढे दुसऱ्या देवरायाने मुसलमान स्वार आणि तिरंदाज मुद्दाम चाकरीत घेतले. त्यांच्यासाठी सिंहासनासमोर कुराण ठेवले जाई, असे फिरिश्ता लिहितो. त्याच्या चाकरीतल्या अहमद खानाने 1439मध्ये हंपीत मशीद बांधली. ती आजही उभी आहे. बाहेरून पाहिली तर देवळाचा मंडप वाटावा. तिथला लेख कानडीत आहे. राजाला पुण्य लाभावे म्हणून ही ‘धर्मसाले’ बांधली, असे खान त्यात म्हणतो. मशिदीला कानडीत काय म्हणावे, याचे उत्तर त्याने असे शोधले.

पुढे शब्द घसरत गेला. तुर्काचा मुसलमान झाला, आणि मुसलमान म्हणजे सगळेच. मराठीतही एकनाथांच्या 16व्या शतकातल्या ‘हिंदु-तुर्क संवादा’त तुर्क हा धर्माचाच माणूस आहे. भटकळचे नवायत, मंगळूरकडचे ब्यारी हे अरबी समुद्राच्या व्यापाराशी जोडलेले. तुर्कस्तानशी त्यांचा काय संबंध? तरी तेही तुरुक! शिशुनाळ शरीफ (1819–1889) यांची कानडी पदे मात्र घरोघर गायली जातात आणि तिथे त्यांना कोणी या नावाने हाक मारत नाही.

अलीकडच्या कानडी साहित्यात आपली माणसे स्वतःच बोलू लागली. सारा अबूबकर यांनी ‘चंद्रगिरिय तीरदल्लि’ लिहिली, बोळुवारु महमद कुंञि यांनी मुत्तुप्पाडि नावाचे अख्खे गाव कथांतून वसवले, बानू मुश्ताक यांच्या कथांना 2025मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले. आणि बकाण निंबाला कानडीत अजूनही ‘तुरुकबेवु’ म्हणतात, म्हणजे तुर्कांचा कडुनिंब. त्या नावात कुणाला शिवी ऐकू येत नाही.