हातभर जागेचा शोध



औंढा नागनाथाच्या गाभाऱ्यात तुम्ही उतरला असालच. वाट अरुंद आणि बुटकी. तरी डोकं आपटण्याआधीच मान आपोआप खाली जाते. शरीराभोवतीच्या हातभर जागेचा हिशेब मेंदू सतत ठेवत असतो. तो चुकला तर?

लकव्याचे काही रुग्ण ताटातली डावीकडची भाकरी तशीच ठेवतात, चौकटीला डावा खांदा आपटतात. डोळे तपासले तर चांगले. घरचे म्हणतात, "डॉक्टरसाहेब, मुद्दाम करतात." मुद्दाम नाही हो! मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की डावी बाजू जणू त्यांच्या लेखी उरतच नाही.

हे कळायला बराच काळ लागला. १९११ मध्ये हेड आणि होम्स या इंग्रज डॉक्टरांनी मांडलं, की मेंदूत शरीराचा एक नकाशा असतो आणि तो हातातल्या अवजाच्या टोकापर्यंत पसरतो. १९८१ मध्ये इटलीत रिझोलाटी यांना माकडाच्या मेंदूत विशिष्ट पेशी सापडल्या. त्वचेला स्पर्श झाला की त्या जाग्या होत, आणि त्वचेजवळ नुसती वस्तू आली तरीही. १९९६ मध्ये जपानच्या इरिकी यांनी माकडाला छोट्या दाताळ्याने खाऊ ओढायला शिकवलं. थोड्याच वेळात अशा पेशी दाताळ्याच्या टोकाजवळच्या वस्तूलाही दाद देऊ लागल्या. आपल्या आजोबांची काठी आठवा!

१९९१ मध्ये हॅलिगन आणि मार्शल यांनी एका रुग्णाची नोंद केली. हाताजवळच्या रेघेचा मध्य दाखवताना तो फार चुके, लांबच्या रेघेचा मात्र ठीक दाखवी. म्हणजे माणसाच्या मेंदूतही 'जवळ' आणि 'लांब' यांचे हिशेब वेगळे.

पण 'जवळ' संपतं कुठे? ते मोजायला आभासी वास्तवाचा चष्मा, म्हणजे व्हीआर, उपयोगी पडला. डोक्यावर बसवायचं असं यंत्र सदरलँड यांनी १९६८ मध्येच दाखवलं होतं. आता प्रयोगात चष्म्यातून एक चेंडू तुमच्याकडे येतो. तो वेगवेगळ्या अंतरावर असताना अंगाला हलकी टिचकी बसते. टिचकी जाणवताच बटण दाबायचं. चेंडू ठराविक अंतराच्या आत आला की प्रतिसाद झटकन येतो. तिथे तुमची हद्द! खराखुरा दगड अंगावर न फेकता हे मोजता येतं. लकव्यानंतरच्या व्यायामातही व्हीआर वापरून पाहिलं जात आहे.

हिंगोलीतल्या घरात चष्मा नसला तरी हे करा:

• रुग्णावर चिडू नका. "डावीकडे बघा" अशी आठवण वारंवार द्या.
• गप्पा मारताना डाव्या बाजूला बसा. पाणी, औषधं, फोन मात्र उजवीकडे ठेवा.
• जेवताना मध्येच ताट फिरवा.
• गाडी चालवू देऊ नका, रस्त्यावर एकटं सोडू नका.

आणि तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर तेल चोळत बसू नका. गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तडक दवाखाना गाठा.